अबोल पडद्यावरची आई : रुआन लिंग्यू

वाचकहो, ज्या नटीविषयी मी लिहायला बसले आहे तिचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल. मीही ऐकले नव्हते. परंतु आपल्याकडे मीनाकुमारी किंवा मधुबाला यांची नावे ज्या हळव्या सुरात घेतली जातात, त्याच सुरात चीनमध्ये, विशेषतः शांघाय शहरात, तिचे नाव आजही घेतात. रुआन लिंग्यू हे ते नाव. जन्म १९१०, मृत्यू १९३५. पंचविसावा वाढदिवस दीड महिन्यावर आला असताना ती गेली. तेवढ्या आयुष्यात सुमारे तीस चित्रपट, आणि त्यांत एकही बोलपट नाही.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी कॉलेजच्या हॉलमध्ये पडदा बांधून एक जुना चित्रपट दाखवला. मूकपट, त्यातून काळा-पांढरा आणि त्यातून चिनी, हे कळताच निम्मा हॉल कँटीनकडे वळला. मी बसून राहिले. पण त्यात रसिकतेचा भाग थोडाच होता. माझी एस. टी. साडेपाचला होती आणि बाहेर पाऊस होता. चित्रपटाचे नाव ‘शेन्न्यू’, म्हणजे देवी, साल १९३४. दिवे लागले तेव्हा माझी एस. टी. निघून गेली होती, आणि मला त्याची आठवणही नव्हती. त्यानंतर ही बाई कोण, कुठली, याचा शोध मी मिळेल तिथून घेत राहिले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडते.

रुआनचा जन्म २६ एप्रिल १९१० रोजी शांघायमध्ये झाला. (चिनी लोकांत आडनाव आधी आणि नाव नंतर येते, म्हणून रुआन हे आडनाव.) घराणे मूळचे दक्षिणेकडील ग्वांगदोंग प्रांतातले, पोटासाठी शांघायला येऊन राहिलेले. वडील पुडोंग भागात एका परदेशी तेलकंपनीत कामगार होते. मुलगी पाच-सहा वर्षांची असतानाच ते वारले. ना शेत, ना पैसा, ना पाठीशी कोणी. विधवा आईने झांग नावाच्या एका श्रीमंत कुटुंबात मोलकरणीचे काम धरले आणि पोरीला घेऊन ती त्यांच्याच घरी राहू लागली. दुसऱ्याच्या घरात कोपऱ्यात वाढणारी मुलगी लवकर शहाणी होते. कुठे उभे राहावे, कुठे राहू नये, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही.

या आईने एक गोष्ट मात्र धाडसाची केली. मुलीला तिने शाळेत घातले. छोंगदे नावाची ती मुलींची शाळा होती. ज्या देशात मुलींचे पाय बांधण्याची रूढी नुकती कुठे मागे पडू लागली होती, त्या देशात एका मोलकरणीने आपल्या मुलीच्या हाती पाटी द्यावी ही लहान गोष्ट नव्हे. चित्रपटांच्या इतिहासात या आईबद्दल दोन-चार ओळींपेक्षा जास्त लिहिलेले मला सापडले नाही.

इथे मला थोडे विषयांतर करू द्या. प्रथम वर्षाला प्रवेश घेताना अर्जात आईचा व्यवसाय असा एक रकाना होता. मी त्यात गृहिणी असे लिहिले. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. खोटे लिहावे असे काही ठरवून आले नव्हते. पण मागे रांगेत मुली उभ्या होत्या आणि पेन आपोआप तसे चालले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. असो.

रुआनची शाळा पुरी झाली नाही. ज्या घरात आई राबत होती त्याच घरातल्या एका मुलाशी, झांग दामिनशी, तिचे प्रेम जमले. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ती त्याच्याबरोबर राहू लागली. मोलकरणीची पोर सून म्हणून घरात घ्यायला झांग कुटुंब तयार होणे शक्यच नव्हते, आणि त्यांचे रीतसर लग्न कधीच झाले नाही. पुढे जे सगळे घडले त्याचे बी इथे पडले आहे. झांग दामिन कामधंदा न करणारा आणि जुगाराच्या नादी लागलेला निघाला. घर चालवायचे तर कोणीतरी कमावणे भाग होते, आणि ते कोणीतरी म्हणजे हीच.

१९२६ मध्ये ती मिंगशिंग या शांघायच्या मोठ्या चित्रपट कंपनीत दाखल झाली. पुढच्याच वर्षी ‘नावापुरते नवरा-बायको’ अशा अर्थाच्या नावाचा तिचा पहिला चित्रपट आला. दिग्दर्शक बू वानत्सांग. नंतरची दोन-तीन वर्षे साधारणच गेली. त्या काळी तलवारबाजीचे आणि भुताखेतांचे चित्रपट धो-धो चालत, आणि असल्या चित्रपटांत रडण्या-लाजण्याखेरीज नायिकेला काय काम असणार!

तिचे नशीब उघडले ते १९३० मध्ये लिएनहुआ ही नवी कंपनी निघाल्यावर. शिकलेल्या माणसांनीही पाहावेत असे चित्रपट काढायचे हा या कंपनीचा हेतू होता. सुन यू हा अमेरिकेत शिकून आलेला दिग्दर्शक तिथे होता, बू वानत्सांगही तिथे आला, आणि त्यांच्या हाताखाली रुआनचे खरे रूप दिसू लागले. १९३१ च्या ‘प्रेम आणि कर्तव्य’ या चित्रपटात तिने एका स्त्रीची तारुण्यापासून म्हातारपणापर्यंतची भूमिका केली. मनाविरुद्ध लग्न झालेली ही स्त्री नवरा आणि दोन मुले टाकून आपल्या पहिल्या प्रेमाच्या माणसाबरोबर निघून जाते. तो मरतो, आणि शिवणकाम करून ती त्याच्या मुलीला एकटीने वाढवते. जुने आयुष्य मात्र तिला कुठेच सुखाने राहू देत नाही. आई आणि मोठी झालेली मुलगी अशा दोन्ही भूमिका रुआननेच केल्या आहेत. या चित्रपटाची प्रत नष्ट झाली असे सगळे धरून चालले होते. १९९० च्या दशकात ती सापडली, आणि सापडली कुठे, तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात! तिच्या बऱ्याच चित्रपटांचे नशीब इतके चांगले नव्हते. ‘तीन आधुनिक स्त्रिया’ (१९३३) हा त्या वेळी गाजलेला चित्रपट आज कोणालाच पाहता येत नाही.

१९३३ च्या ‘लहान खेळणी’ या चित्रपटात ती खेळणी बनवणारी एक खेडवळ बाई झाली आहे. युद्धात तिचे सगळे जाते. मला तो चित्रपट थोडा प्रचारकी वाटला. पण त्यात तिच्या मुलीचे काम करणारी ली लीली प्रत्यक्षात तिच्याहून फक्त पाच वर्षांनी लहान होती, आणि तरीही दोघी मायलेकी नाहीत असे क्षणभरही वाटत नाही.

आता ‘शेन्न्यू’विषयी. या चिनी शब्दाचा सरळ अर्थ देवी. पण रस्त्यावर उभे राहून शरीर विकणाऱ्या स्त्रीलाही त्या काळी हाच शब्द आडवळणाने वापरत. आपल्याकडे देवदासी या शब्दाचे काय झाले ते आठवले की यातली कडवट चेष्टा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दिग्दर्शक वू योंगगांग हा मूळचा नेपथ्यकार. वय सत्तावीस, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच चित्रपट. चीनमध्ये तोवर बोलपट निघू लागले होते, पण ध्वनीची यंत्रे महाग असल्याने शांघायच्या कंपन्या अजून मूकपट काढत होत्या. या एका चित्रपटापुरते तरी ते बरेच झाले म्हणायचे.

कथेतल्या बाईला नावच नाही. एक लहानशी खोली. भिंतीला अडकवलेले दोन ठेवणीतले झगे, पाळण्यात तान्हे मूल. रात्र झाली की ती झगा घालते, मुलाला झाकते आणि बाहेर पडते. एका रात्री पोलीस मागे लागतात आणि पळता पळता ती एका गुंडाच्या खोलीत शिरते. तो तिला वाचवतो आणि त्या उपकाराची किंमत म्हणून तिचा मालकच होऊन बसतो. हे तिला उमगते तो क्षण रुआनने कसा केला आहे! ती रडत नाही, हात जोडत नाही. टेबलावर चढून बसते, सिगारेट मागते, आणि अगदी निर्विकारपणे धूर सोडते. आता काय व्हायचे ते होऊ दे, असे शब्दांत सांगायला एखाद्या लेखकाला पानभर लागले असते.

ती त्याच्यापासून पळते, खोली बदलते, नोकरी शोधते. तो पुन्हा सापडतोच. मुलाला ताब्यात घेऊन तिला धमकावतो. एक दृश्य असे आहे की कॅमेरा त्या गुंडाच्या पाठीमागे जमिनीलगत ठेवला आहे, आणि त्याच्या फाकलेल्या दोन पायांच्या मधून खाली बसलेली, मुलाला छातीशी धरलेली आई आपल्याला दिसते. नेपथ्यकाराची नजर ती हीच असावी.

मुलगा मोठा होतो. गल्लीतली पोरे त्याला हिणवू लागतात. ती ठरवते की याला शाळेत घालायचेच. भिंतीतली एक वीट सैल करून त्या मागच्या भोकात ती गुंडाला न कळू देता फीचे पैसे साठवते. शाळेतून आलेला मुलगा तिला समोर उभे करून कवायत शिकवतो. तो मास्तर, ती विद्यार्थिनी. सबंध चित्रपटात तिच्या चेहऱ्यावर निर्भेळ आनंद असा बहुधा इथेच आहे. मग शाळेच्या समारंभात मुलगा गाणे म्हणतो, आणि मागच्या रांगांतल्या बायका एकमेकींच्या कानाला लागतात. एकीकडून दुसरीकडे सरकत जाणारी ती कुजबुज आवाज नसूनही ऐकू येते. नंतर पालकांची पत्रे जातात : असल्या बाईच्या मुलाबरोबर आमची मुले बसणार नाहीत.

म्हातारे मुख्याध्यापक चौकशीला घरी येतात. ती काही लपवत नाही. मी वाईट असेन, पण माझ्या मुलाने शिकू नये का, एवढेच तिचे म्हणणे. मुख्याध्यापक शाळेच्या मंडळापुढे तिची बाजू मांडतात, मंडळ ऐकत नाही, आणि ते राजीनामा देतात. समीक्षकांच्या दृष्टीने पाहिले तर हे मुख्याध्यापक जरा जास्तच सज्जन आहेत आणि त्यांचे भाषणही लांबलेले आहे. हॉलमध्ये मागे कोणी तरी हसलेही. मला हसू आले नाही.

आता जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा गावी जायचे, असे ठरवून ती वीट काढते. भोक रिकामे. पैसे गुंडाने जुगारात उडवलेले आहेत. ती त्याच्याकडे धावते, झटापट होते, हाताला येईल ती बाटली ती त्याच्या डोक्यात घालते. तो मरतो. बारा वर्षांची शिक्षा होते. तुरुंगात भेटायला आलेले मुख्याध्यापक मुलाला आपण वाढवू असा शब्द देतात. ती त्यांना एकच विनंती करते : मुलाला सांगा की तुझी आई मेली. शेवटी कोठडीच्या भिंतीवर तिला मुलाचा हसरा चेहरा दिसतो.

वू योंगगांगने पुढे आठवण सांगितली आहे की रुआन म्हणजे जणू अतिशय संवेदनशील फिल्म होती. जरासा प्रकाश दाखवावा आणि तिने तो टिपून घ्यावा. मला मात्र वाटते की हे सगळेच काही कौशल्य नव्हते. दुसऱ्याच्या घरात राबून पोरीची फी भरणारी आई तिने जन्मापासून पाहिली होती.

पडद्याबाहेर काय चालले होते? १९३२ च्या जानेवारीत जपानने शांघायवर हल्ला केला, तेव्हा ती झांगसह काही काळ हाँगकाँगला गेली. तिथे तांग जिशान या चहाच्या श्रीमंत व्यापाऱ्याशी तिची ओळख झाली. १९३३ मध्ये तिने झांगपासून रीतसर करार करून फारकत घेतली. त्या करारानुसार दोन वर्षे दरमहा शंभर युआनपर्यंत रक्कम तिने त्याला द्यायची होती. पुन्हा वाचा : तिने त्याला. जुने आयुष्य पैसे मोजून मागे टाकायचा हा प्रयत्न होता. एक मुलगी तिने दत्तक घेतली होती. त्या मुलीला आणि आईला घेऊन ती तांगच्या बरोबर राहू लागली. पण तांग हाही विवाहित होता आणि नट्यांशी त्याची नावे यापूर्वीही जोडली गेली होती. एका विहिरीतून निघून ती दुसरीत पडली असे म्हणणे सोपे आहे. तिच्यापुढे तिसरी वाट कोणती होती हे मात्र कोणी सांगत नाही.

कराराची मुदत संपत आली तसा झांग पुन्हा उगवला. पैसे मिळेनात तेव्हा त्याने तिच्यावर आणि तांगवर खटले भरले. आरोप असे, की हिने माझ्या चीजवस्तू नेल्या आणि परपुरुषाशी संबंध ठेवला. ज्याने कधी लग्न केले नाही तो आता नवरा म्हणून कोर्टात उभा राहिला! एवढ्यावर न थांबता त्याने त्यांच्या जुन्या सहवासाच्या हकिकती वर्तमानपत्रांना पुरवल्या. शांघायमध्ये त्या वेळी नटनट्यांच्या भानगडींवर चालणारी लहान-मोठी पत्रे पुष्कळ होती. त्यांना सुगीच आली.

त्यातच १९३५ च्या फेब्रुवारीत, चिनी नववर्षाच्या सुमारास, तिचा ‘नवी स्त्री’ हा चित्रपट लागला. दिग्दर्शक त्साइ छूशेंग. आय शिया नावाच्या एका नटीने आदल्या वर्षी आत्महत्या केली होती. तिच्या आयुष्यावरून ही कथा घेतलेली होती. नायिका शिक्षिका आणि लेखिका आहे. तिची नोकरी जाते, मुलगी आजारी पडते, औषधाला पैसे नसतात. आणि वर्तमानपत्रवाले तिच्या अब्रूचे धिंडवडे काढतात. शेवटी मरणाच्या दारात तिला जगावेसे वाटते, पण उशीर झालेला असतो. शांघायच्या पत्रकारांना स्वतःचे हे चित्र झोंबले. त्यांच्या संघटनेने निषेध केला, कंपनीला माफी मागावी लागली, काही दृश्ये कापावी लागली. कंपनीवरचा राग निघाला तो नटीवर. तिच्या खटल्याच्या बातम्या आणखी रंगवून छापल्या जाऊ लागल्या.

खटल्याची तारीख ९ मार्च होती. भर कोर्टात उभे राहून सगळ्या शहरादेखत तिला आपल्या आयुष्याची उत्तरे द्यावी लागणार होती. ८ मार्च १९३५ रोजी तिने जीवन संपवले. जागतिक महिला दिनाचा तो दिवस. तिने लिहिलेल्या म्हणून ज्या चिठ्ठ्या छापून आल्या, त्या खऱ्या की तांगने बदललेल्या यावरही पुढे वाद झाला. म्हणजे मेल्यावरसुद्धा तिच्या वतीने दुसरेच बोलत राहिले.

अंत्यदर्शनासाठी अफाट गर्दी लोटली, मैलोगणती रस्ते माणसांनी भरून गेले. ज्यांनी त्या बातम्या पैसे देऊन विकत घेतल्या होत्या तेही त्या गर्दीत असणारच. चीनचे थोर लेखक लू शुन यांनी त्याच वर्षी या मृत्यूवर एक लेख लिहिला. वर्तमानपत्रे बलवानांपुढे दुबळी असतात, पण अशा एकट्या स्त्रीला चिरडायला त्यांचे बळ पुरेसे असते, असा त्यांचा मुद्दा होता. तिचे आयुष्य तिच्या भूमिकांसारखेच झाले, ती नियतीच होती, असे बरेच जण लिहितात. मला हे पटत नाही. नियतीने खटला भरला नव्हता. तो भरणाऱ्याला नाव होते, बातम्या छापणाऱ्यांना पगार होता.

१९९१ मध्ये हाँगकाँगचा दिग्दर्शक स्टॅनली क्वान याने तिच्या जीवनावर चित्रपट काढला, आणि तिची भूमिका करणाऱ्या मॅगी च्युंगला १९९२ च्या बर्लिन महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. म्हाताऱ्या झालेल्या ली लीलीची मुलाखतही त्यात आहे. ‘शेन्न्यू’ची प्रत २०१४ मध्ये साफसूफ करून पुन्हा नवी केली गेली. आम्ही पाहिली ती हीच असावी, कारण चित्र फार स्वच्छ होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी हा चित्रपट मोबाईलवर आईला दाखवला. मधल्या पाट्या मी वाचून सांगत होते. विटेमागचे पैसे पाहून ती हसली. आमचे डाळीच्या डब्यात असतात. कवायतीच्या प्रसंगाला तिने मला थांबवायला लावले. मी दुसरीत असताना तिला पाटीवर अ-आ गिरवायला लावत असे आणि चुकली की रागवत असे, हे तिने सांगितले. मी ते साफ विसरले होते. चित्रपट संपल्यावर तिने विचारले, की त्या पोराला मोठेपणी तरी कोणी खरे सांगितले का. चित्रपट तिथेच संपतो, असे मी म्हटले.

चार वाजले होते आणि तिला शेवटच्या घरी जायचे होते. त्या घरातली मुलगी आमच्याच वर्गात आहे. म्हणून आजवर मी तिकडे कधी गेले नव्हते. त्या दिवशी आईबरोबर गेले. आईने भांडी घासली, मी विसळली.